अंतराळवीरांना गुहेत, समुद्राखाली आणि बर्फात ठेवून नेमकं काय शिकवतात?

प्रश्न असा आहे: पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण आहे तेवढंच राहतं, श्वासाला हवा असते आणि काही बिनसलं तर दार उघडून बाहेर येता येतं. मग अंतराळवीरांना गुहेत उतरवून किंवा समुद्राच्या तळाशी ठेवून हाती काय लागतं? हा नुसता देखावा नाही का? आणि अशा सरावात जो कमी पडतो, त्याचं पुढे काय होतं?

शंका रास्त आहे. अशा मोहिमांच्या प्रशिक्षणात मी बरीच वर्षं आहे, तेही बहुतेक वेळा बाहेरच्या कंट्रोल रूममध्ये. देखावा म्हणावेत असे सरावही मी पाहिले आहेत. वाळवंटात तंबू ठोकायचा, अंतराळवीराचा पोशाख चढवायचा, फोटो काढायचे आणि परत यायचं, एवढ्यावर जो सराव संपतो तो देखावाच. पण जागा मंगळासारखी दिसते की नाही, यावर सरावाची किंमत ठरत नाही. तिथे एखादी तरी गोष्ट खरीखुरी असावी लागते. धोका खरा असेल, बाहेर पडायला लागणारा वेळ खरा असेल, कंटाळा खरा असेल, किंवा निदान समोरचा खडक तरी खरा असेल. बाकी सगळं खोटं असलं तरी भागतं. म्हणून कुठल्याही जागेबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की इथे खरं काय आहे?

बातम्यांमध्ये चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात, त्या आधी सुट्या करू. एक म्हणजे हाताचं कौशल्य. पाण्याच्या टाकीतला स्पेसवॉक (यानाबाहेर पडून काम करण्याचा सराव), सेंट्रिफ्यूजमधल्या (गरगर फिरवून शरीरावरचा भार वाढवणाऱ्या यंत्रातल्या) फेऱ्या, वीस-पंचवीस सेकंदांची वजनरहित अवस्था देणारी विमान-उड्डाणं यांत मोडतात. दुसरी गोष्ट, यान भलत्याच ठिकाणी उतरलं तर जगून राहणं. तिसरी, अनोळखी आणि त्रासदायक जागी गट म्हणून काम करणं. गुहा आणि समुद्रतळ यासाठी. चौथी गोष्ट प्रशिक्षण नाहीच, ते संशोधन आहे: माणसांना महिनोन् महिने कोंडून ठेवायचं आणि त्यांचं काय होतं ते मोजायचं. या चौथ्या प्रकारात आत राहणारे बहुधा अंतराळवीर नसतात, स्वयंसेवक असतात. 'अंतराळवीरांनी वर्षभर कोंडून घेतलं' असा मथळा दिसला की आधी हे तपासावं.

पहिल्या प्रकाराबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर सहसा कोणाला शंका नसते. १९६६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या जेमिनी ९ए मोहिमेत अंतराळवीर यूजीन सर्नन यानाबाहेर आला आणि दोन तासांत पुरता थकून गेला. हेल्मेटची काच घामाच्या वाफेने धुरकटली. वजनरहित अवस्थेत एखादा नॉब फिरवायला गेलं तर आपणच उलटे फिरतो, हे तोवर कोणी अंगाने अनुभवलेलं नव्हतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बझ ऑल्ड्रिनने पाण्याखाली सराव करून तेच काम निवांतपणे केलं. श्रेय एकट्या पाण्याचं नव्हतं. यानाच्या बाहेरून पाय अडकवायला आणि हाताने धरायला जादा सोयीही केल्या होत्या. आज ह्यूस्टनमधली नासाची टाकी सुमारे ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे. तिच्यात अंतराळस्थानकाच्या भागांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती बुडवून ठेवलेल्या असतात. पण पाणीही थोडं फसवतं. तिथे हात सोडला की पाण्याच्या विरोधाने आपण थांबतो, अंतराळात तसेच पुढे जात राहतो. शिवाय पाण्यात पोशाख तरंगतो, आतला माणूस तरंगत नाही. उलटं झालं की सगळा भार खांद्यांवर येतो आणि रक्त डोक्याकडे धावतं. जुने प्रशिक्षक नव्यांना हे फसवे भाग आधीच सांगून ठेवतात. सरावातली चुकीची सवय काढणं हे नवी सवय लावण्यापेक्षा अवघड जातं.

जगून राहण्याच्या शिक्षणामागचं कारण १९६५ साली घडलं. पहिला स्पेसवॉक ज्यात झाला त्या सोव्हिएत व्होस्खोद २ मोहिमेतून परतणारे अलेक्सेई लिओनोव्ह आणि पावेल बेल्यायेव्ह ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, बर्फाने भरलेल्या जंगलात उतरले. दोन रात्री त्यांनी तिथेच काढल्या आणि शेवटी स्कीवरून बाहेर आले. रशियाच्या सोयूझ यानाने जाणाऱ्यांना आजही हिवाळ्यातल्या जंगलात सोडतात. सोबत यानातलं सामान आणि पॅराशूटचं कापड, बस. हा प्रसंग इतिहासजमा झालेला नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सोयूझ एमएस-१० चं रॉकेट वर जाताना बिघडलं आणि अलेक्सेई ओव्चिनिन व निक हेग यांची कुपी (यानाचा माणसं बसलेला भाग) थेट गवताळ मैदानावर उतरली. दोघेही सुखरूप होते.

आता मूळ शंकेकडे, म्हणजे 'दार उघडून बाहेर येता येतं' याकडे. समुद्रतळाचं उत्तर इथे सगळ्यात सरळ आहे. फ्लोरिडातल्या की लार्गोजवळ समुद्रात सुमारे १९ मीटर खोल 'अ‍ॅक्वेरियस' नावाचं छोटं निवासस्थान आहे. २००१ पासून नासाने तिथे 'नीमो' या नावाच्या मोहिमा चालवल्या. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका ठेवलेला असतो, त्यामुळे तळाचं दार उघडंच असतं आणि पाणी आत येत नाही. पण त्या दाबाखाली एक दिवस राहिलं की शरीरात नायट्रोजन मुरतो. अशा वेळी सरळ पृष्ठभागावर आलात, तर तो रक्तात आणि ऊतींत बुडबुडे होऊन बाहेर पडतो. माणूस लुळा पडू शकतो, मरूही शकतो. म्हणून वर येण्याआधी आतच दाब हळूहळू उतरवावा लागतो, आणि त्याला सोळा-सतरा तास लागतात. अंतराळस्थानकापासून सुटलेलं सोयूझ यान साडेतीन तासांच्या आसपास जमिनीवर येतं. म्हणजे डोक्यावर वीस मीटरवर सूर्यप्रकाश दिसत असताना घरी पोचायला अंतराळातून लागतो त्याच्या चौपटीहून जास्त वेळ! दात दुखला, झोप लागली नाही, सोबतच्याशी वाजलं, तरी तिथेच निभवावं लागतं. हे नाटकात येत नाही. त्याखेरीज वजनं कमी-जास्त करून पाण्यात चंद्रासारखं चालता येतं, अवजारांची आणि नमुने घेण्याच्या पद्धतींची चाचणी होते. २००४ मध्ये कॅनडातल्या शल्यचिकित्सकाने दुरून मार्गदर्शन करत तिथे शस्त्रक्रियांची चाचणी घेतली होती. ही सगळी उपयोगाची कामं आहेत. माझ्या लेखी मात्र ते सोळा तास हाच त्या जागेचा खरा गुण.

गुहेत खरं काय असतं? अंधार, चिखल आणि पडण्याची भीती. युरोपीय अंतराळ संस्थेने २०११ पासून सार्डिनियातल्या गुहांमध्ये 'केव्ह्ज' हा अभ्यासक्रम सुरू केला. वेगवेगळ्या देशांच्या अंतराळवीरांना आधी जमिनीवर तयारी करून घेऊन मग साधारण सहा दिवस भूगर्भात पाठवतात. २०१६ च्या चमूत चीनचा ये ग्वांगफूही होता. पुढे तो दोनदा चिनी स्थानकावर गेला, दुसऱ्यांदा कमांडर म्हणून. देशादेशांचे अंतराळ-करार कसेही असोत, गुहेत ही माणसं एका दोराला असतात.

दोर म्हटलं म्हणून एक तपशील सांगतो, कारण मला तो फार आवडतो. गुहेतल्या कड्यावरून जाताना अंगाला दोन कॅराबिनर (दोरात अडकवायचे धातूचे हूक) असतात. दोराचा एक टप्पा संपला की पहिला काढून पुढच्या दोरात अडकवायचा आणि तो नीट बसल्याची खात्री झाल्यावरच दुसरा काढायचा. दोन्ही एकाच वेळी कधीही सुटे नसतात. स्पेसवॉकमध्ये स्थानकाच्या कठड्यांवरून सरकताना हेच करतात. टाकीत ही कृती शेकडो वेळा करता येते, पण तिथे चुकलं तर शेजारी सुरक्षा-पाणबुडे असतात आणि शरीराला हे ठाऊक असतं. खाली काळोखी पोकळी असताना, थकलेल्या हातांनी, मनात दुसराच विचार चालू असताना तीच कृती केली की ती वेगळ्या प्रकारे अंगात बसते.

तिथलं कामही खोटं नसतं. ज्या भागाचा नकाशा नाही त्याचा नकाशा करायचा, हवेचे, पाण्याचे, सूक्ष्मजीवांचे नमुने घ्यायचे, सगळा कचरा परत आणायचा. अशाच एका चमूने आणलेल्या नमुन्यांत एक नवीन जात सापडली. अंधाऱ्या पाण्यात राहणारा छोटासा कवचधारी प्राणी, त्याला शास्त्रज्ञांनी 'अल्पिओनिस्कस सिडेरॅलिस' असं नाव दिलं. माझ्या अनुभवात लोक खोट्या कामाला दोन दिवसांत ओळखतात. 'हा दगड मंगळावरचा समजा' म्हटलं की सगळे सौजन्याने समजतात आणि मेंदू बंद करतात. कोणाला तरी त्या नमुन्याची खरंच वाट बघायची आहे हे कळलं, की वाद होतात, घाई होते, कोणाचा तरी नमुना सांडतो आणि कोणाचा तरी राग निघतो. नेमकं हेच प्रशिक्षकाला हवं असतं.

या सगळ्यात प्रशिक्षक काय बघतो? धाडस तर मुळीच नाही. धाडस निवडीच्या वेळीच बघून झालेलं असतं. आम्ही बघतो ते फार बारीक. पाणी प्यायला कोण विसरतं. पाय दुखतोय हे कोण लपवतं आणि किती वेळ. आपली पाळी नसताना रात्रीची भांडी कोण आवरतं. कालचा नेता आज दुसऱ्याच्या हाताखाली आला की त्याचा आवाज बदलतो का. हा शेवटचा मुद्दा विमानचालक म्हणून घडलेल्यांना विशेष जड जातो. आयुष्यभर निर्णय त्यांनीच घेतलेले असतात. म्हणून नेतृत्व मुद्दाम फिरतं ठेवतात. रोज संध्याकाळी सगळे बसतात: आज काय जमलं, काय नाही, उद्या काय वेगळं करू. पहिल्या दोन बैठका शिष्टाचाराच्या असतात, सगळे सगळ्यांचं कौतुक करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी म्हणतं, 'तू माझं ऐकून न घेताच पुढे गेलास.' तिथून खरा अभ्यासक्रम सुरू होतो.

कंटाळ्याचं प्रकरण याहून गहन आहे, आणि ते सहा दिवसांत कळत नाही. अंटार्क्टिकावरचं कॉन्कॉर्डिया हे फ्रेंच-इटालियन केंद्र ३,२३३ मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तापमान उणे ८० अंशांपर्यंत जातं, तीन महिन्यांहून अधिक काळ सूर्य उगवत नाही आणि सुमारे नऊ महिने ना विमान येतं ना कोणी. युरोपीय अंतराळ संस्था दर हिवाळ्यासाठी तिथे एक डॉक्टर पाठवते, राहणाऱ्यांच्या झोपेची, रोगप्रतिकारशक्तीची आणि मनःस्थितीची नोंद ठेवायला. अंटार्क्टिकातच नॉयमायर ३ या जर्मन केंद्रावर चौदा महिने राहिलेल्या नऊ जणांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा एक भाग, नव्या आठवणींशी आणि दिशाज्ञानाशी ज्याचा संबंध आहे तो, सरासरी सात टक्क्यांनी आकसलेला आढळला. माणसं नऊच, त्यामुळे निष्कर्ष जपून काढावा. पण तोच तो पांढरा देखावा आणि तीच ती तोंडं यांचा परिणाम केवळ मूडपुरता नसतो, एवढं त्यातून दिसतं.

मंगळाच्या प्रवासाची नक्कल करणारा मॉस्कोतला 'मार्स-५००' हा प्रयोग सगळ्यात लांब. जून २०१० ते नोव्हेंबर २०११ असे ५२० दिवस, सहा पुरुष, खिडकी नसलेल्या नळकांड्यांत. त्याच्या निष्कर्षांतले तीन मला नेहमी आठवतात. एक, माणसांची हालचाल हळूहळू घटत गेली. बसून राहणं आणि झोपणं वाढलं, आणि शेवटचे साधारण वीस दिवस उरले तेव्हाच ती पुन्हा वाढली. दोन, एकाचं शारीरिक घड्याळ २४ तासांवरून सरकून २५ तासांच्या जवळ गेलं. त्यामुळे सगळे जागे असताना तो झोपलेला आणि उलट, असे दिवस येत गेले. तीन, आणि हा सर्वांत महत्त्वाचा: चमूने आपापसातल्या भांडणांपेक्षा कंट्रोल रूमशी झालेल्या खटक्यांची नोंद पाचपट जास्त केली. शिवाय एकूण खटक्यांपैकी ८५ टक्के नोंदी दोनच माणसांच्या होत्या, ज्यांना ताण आणि थकवा सगळ्यात जास्त जाणवत होता. सहा जण, एकच खोली, एकच अन्न, एकच वेळापत्रक, आणि तरी काहींना जवळपास काहीच झालं नाही.

मोहिमेच्या तिसऱ्या चतुर्थांशात, म्हणजे अर्धं संपल्यावर आणि शेवट दिसायला लागण्याआधी, मन खचतं असा एक सिद्धांत १९९१ पासून चर्चेत आहे. लोकांना तो ऐकायला आवडतो. काही अभ्यासांत तसं दिसलं, काहींत दिसलं नाही. मी त्यावर वेळापत्रक बेतत नाही. त्यापेक्षा शेवटचं ताजं अन्न कधी संपलं, कोणाच्या घरून वाईट बातमी आली, व्यायामाचं यंत्र कधी बंद पडलं, हे विचारलेलं बरं.

कंट्रोल रूमशी होणाऱ्या भांडणांवर थोडं थांबतो, कारण हे माझं रोजचं काम आहे आणि बाहेरच्यांना ते सहसा दिसत नाही. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातल्या अंतरानुसार संदेश एका बाजूने पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. वीस मिनिटं धरली तर 'कुठला वॉल्व्ह?' या प्रश्नाचं उत्तर चाळीस मिनिटांनी येणार. तोवर आतल्यांनी काहीतरी करून टाकलेलं असतं, आणि आपलं उत्तर त्यांना जुन्या परिस्थितीवरचा शहाणपणा वाटतो. म्हणून ह्यूस्टनच्या 'हेरा' निवासस्थानात, नीमोत, हवाईच्या मॉना लोआ ज्वालामुखीवरच्या 'हाय-सीज' या सराव-निवासस्थानात हा उशीर मुद्दाम घालत आले आहेत. प्रत्यक्ष अंतराळस्थानकावरही ५० सेकंदांचा उशीर घालून पाहिलेला आहे. उशीर कृत्रिम असतो, पण त्याने येणारी चिडचिड शंभर टक्के अस्सल असते.

यातून जी पद्धत घडत गेली ती साधी आहे. प्रत्येक संदेशाला विषय आणि क्रमांक द्यायचा. एकेक प्रश्न विचारायचा नाही; 'दाब अमुक असेल तर हे करा, तमुक असेल तर ते, दोन्ही नसेल तर थांबा' असं पर्यायांचं पूर्ण झाड एकदम पाठवायचं. बोललेलं लिहूनही पाठवायचं. तातडीच्या गोष्टीत पृथ्वीचं उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही, हे चमूला आधीच लेखी द्यायचं. लिहायला सोपं वाटतं. पण समोर पडद्यावर सगळे आकडे दिसत असताना गप्प बसणं कंट्रोल रूममधल्या हुशार माणसांना अतिशय कठीण जातं. दर पंधरा मिनिटांचं काम खालून ठरवून द्यायची सवय लागलेली असते. अशा मोहिमांत आतली माणसं जेवढी शिकतात तेवढीच बाहेरची शिकतात, आणि माझ्या मते बाहेरच्यांना शिकण्याची गरज जास्त आहे. नासाच्या 'चॅपिया' या मंगळ-सरावात चार जण २०२३ च्या जूनपासून ३७८ दिवस सुमारे १५८ चौरस मीटरच्या, थ्रीडी-प्रिंटरने उभारलेल्या घरात राहिले. आतल्यांच्या मुलाखती सगळ्यांनी पाहिल्या. बाहेर बसलेल्यांची मुलाखत कोणी घेतली नाही.

ही कल्पना काही आजची नाही. अपोलोच्या काळात चंद्रावर जाणारे बहुतेक जण लढाऊ विमानांचे चालक होते, आणि त्यांना खडक वाचायला शिकवायचं होतं. ॲरिझोनात १९६७ मध्ये स्फोटकं पुरून, चंद्राच्या छायाचित्रांवरून विवरांचं एक आख्खं मैदानच तयार केलं. आइसलँडला नेलं, उल्का पडून झालेलं विवर दाखवलं. पण खरी प्रगती झाली ती भूशास्त्रज्ञ ली सिल्व्हर यांच्या पद्धतीने. त्यांनी अंतराळवीरांना डोंगरात सोडलं आणि काय दिसतंय ते शब्दांत सांगायला लावलं. दुसरीकडे काही शास्त्रज्ञांना अशा जागी बसवलं, की त्यांना डोंगर दिसणार नाही, फक्त वर्णन ऐकू येईल. ऐकून त्यांनी नकाशा काढायचा. वर्णन ढिसाळ असेल तर नकाशा चुकणार, आणि संध्याकाळी दोघांना समोरासमोर बसून ते निस्तरावं लागणार. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन यांनी चंद्रावर एक फिकट, स्फटिकांचा खडक पाहिला आणि हातात घेण्याआधीच तो काय असावा हे ओळखलं. चार अब्ज वर्षांहून जुना तो खडक 'जेनेसिस रॉक' म्हणून ओळखला जातो. डोंगर पृथ्वीवरचा होता, पण खडक आणि गैरसमज दोन्ही खरे होते. चंद्राच्या दक्षिण ध्रुवासाठी आता हेच पुन्हा चालू आहे. तिथे सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो, सावल्या लांबच लांब आणि उजेड डोळ्यांत. त्यामुळे टाकीतले दिवे मालवून एकच प्रखर दिवा ठेवतात. जर्मनीत कोलोनला २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'लुना' केंद्रात ७०० चौरस मीटर जागेवर चंद्राच्या धुळीसारखी भुकटी पसरली आहे.

सामानाची परीक्षा हाही मोठा फायदा, आणि तो बहुधा अनपेक्षित जागी मिळतो. १९७२ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाच्या आधी तीन जणांना ५६ दिवस एका दाबकक्षात ठेवलं होतं. त्यात कळलं, की लघवी साठवण्याची व्यवस्था कमी पडते आणि व्यायामाची सायकल जोर करणाऱ्या माणसापुढे टिकत नाही. दोन्ही गोष्टी उड्डाणाआधी सुधारल्या. वर कळलं असतं तर तीन माणसं अनेक आठवडे त्याच बिघाडासोबत जगली असती.

जे येत नाही तेही सांगायला हवं. अंतराळातल्या प्रारणांचा (रेडिएशनचा) मारा पृथ्वीवर देता येत नाही. वजनरहित अवस्थेतले शरीराचे बदल पाहायला लोकांना डोक्याकडून सहा अंश खाली कललेल्या पलंगावर ६०-६० दिवस झोपवून ठेवतात. स्नायू, हाडं आणि डोक्याकडे सरकणारं रक्त यांसाठी ते बऱ्यापैकी जुळतं, सगळ्यासाठी नाही. आणि मुख्य म्हणजे, कितीही केलं तरी मनाच्या कोपऱ्यात माणसाला माहीत असतं की अगदीच वेळ आली तर दार उघडेल. काही जागी ते खरंच उघडावं लागतं. २०१८ मध्ये हाय-सीजच्या सहाव्या मोहिमेत एकाला विजेचा धक्का बसला. रुग्णवाहिका बोलावली आणि मोहीम काही दिवसांतच गुंडाळली. म्हणूनच प्रत्येक सरावात एक शब्द आधी ठरलेला असतो. तो उच्चारला, की आता हे खोटं नाही, सगळे नियम बंद. हा शब्द ठरवल्याशिवाय मी कोणाला आत जाऊ देत नाही. कारण सरावातही माणसं मेली आहेत. मार्च १९६१ मध्ये, गागारिनच्या उड्डाणाच्या तीनच आठवडे आधी, व्हॅलेंटिन बोंदारेन्को हा तरुण प्रशिक्षणार्थी पंधरा दिवसांच्या एकांतकक्षात दहाव्या दिवशी होता. स्पिरिटचा कापसाचा बोळा तापलेल्या शेगडीवर पडला. आत ऑक्सिजनचं प्रमाण जास्त होतं. दाब कमी असल्याने दार लगेच उघडता आलं नाही. तो वाचला नाही, आणि ही गोष्ट सोव्हिएत सरकारने दोन दशकांहून जास्त काळ दडवून ठेवली.

लडाखबद्दल हमखास विचारलं जातं. २०२४ च्या नोव्हेंबरात लेहमध्ये भारताची पहिली अशी मोहीम झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्सो कार सरोवराजवळ दोन जणांनी दहा दिवस काढले. जागा उत्तम आहे: थंडी, अतिनील किरण, क्षारयुक्त जमीन. माझी एकच सूचना. साडेचार हजार मीटरच्या आसपास ऑक्सिजन कमी असतो, आणि तेवढ्यानेच झोप बिघडते, चिडचिड वाढते, हिशेब चुकतात. यानात हवा नीट असते. त्यामुळे तिथे दिसलेला थकवा एकांताचा की उंचीचा, हे वेगळं काढता आलं पाहिजे. कॉन्कॉर्डियाच्या अभ्यासांनाही हीच अडचण आहे. पैसे भरून आठवडाभर 'अ‍ॅनालॉग अंतराळवीर', म्हणजे अशा सरावातला अंतराळवीर, होता येतं अशा जाहिरातींबद्दलही विचारणा होते. अभियांत्रिकीच्या किंवा वैद्यकाच्या विद्यार्थ्याला स्वतःचं उपकरण तिथे पारखून पाहायचं असेल तर जरूर जावं. अंतराळवीर होण्याच्या रांगेत त्याने कोणी पुढे सरकत नाही.

राहिला शेवटचा भाग, कमी पडणाऱ्यांचं काय. माझं मत स्पष्ट आहे की सराव आणि निवड यांचा एकमेकांशी संबंध ठेवू नये. आत काय झालं याची नोंद वरिष्ठांच्या टेबलावर जाणार हे कळलं, की माणसं दुखणारा पाय लपवतात, संध्याकाळच्या बैठकीत गोड बोलतात, आणि सहा दिवसांचं नाटक अगदी बिनचूक वठवतात. ज्याचा तोल गुहेत गेला, जो चौथ्या दिवशी ओरडला, त्याच्याबरोबर काम करणं मला सोपं वाटतं. तो कशाने ओरडतो हे त्याला कळलेलं असतं आणि त्याच्या सोबत्यांनाही. अवघड असतो तो ज्याच्याबद्दल सहा दिवसांनंतरही कोणालाच काही सांगता येत नाही. त्याला आम्ही पुढच्या वेळी अधिक लांबच्या मोहिमेवर, अधिक लहान गटात पाठवायला सुचवतो.